वाळ्याची दातकुंची

माझी सत्तरी उलटली, तरी भाकरीचा करपलेला काठ मी अजून पुढच्या दातांनी तोडतो. या अंकाच्या संपादकांनी हे एका लग्नाच्या पंगतीत पाहिलं आणि तिथंच माझ्या मागे लागले, की तुमच्या धंद्याबद्दल लिहा. मी म्हटलं, मी कुंचेवाला माणूस, मला अक्षर येतं ते गिऱ्हाइकाचं नाव टिपण्यापुरतं. ते म्हणाले, थोडंच लिहा, पण खरं लिहा. आता खरं लिहायचं म्हटलं की मला एका जुन्या गोष्टीवर यावं लागतं, आणि ती माझ्या फायद्याची नाही. तरी लिहिणार आहे. आधी धंदा सांगतो, म्हणजे ती गोष्ट कळेल.

आमचं घर अमरावतीत कोष्ट्यांच्या आळीत. पण आमच्या घरात मागावर कुणी बसलं नाही. आजोबांपासून आम्ही मागवाल्यांसाठी कुंचे बांधत आलो. लुगडं विणण्याआधी सूत गल्लीभर लांब ताणतात, त्याला ज्वारीची पातळ खळ लावतात आणि खळ वाळायच्या आत हातभर लांब कुंच्यानं ते सूत विंचरतात. विंचरलं नाही तर धागा धाग्याला चिकटतो आणि मागावर तटातट तुटतो. कुंचा फार राठ असला तर सूत फाटतं, फार मऊ असला तर खळीचे गोळे राहतात. म्हणून आम्ही तो वाळ्याच्या मुळ्यांचा बांधायचो. ओढ्याकाठचा वाळा खणायचा, मुळ्या धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, लोखंडी फणीनं उकलायच्या, जाड-बारीक निवडायच्या आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं आवळून बांधायच्या. वाळलेली मुळी ताठ असते, पाणी लागलं की लवते आणि थोडा वास देते. आमच्या आळीत सकाळी आलं की तो वास यायचाच.

मग तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली. तिथला कापूस विलायतेला पोचेना, तेव्हा विलायतेची नजर वऱ्हाडावर पडली. त्या तीन-चार वर्षांबद्दल लोक अजून डोळे मोठे करून बोलतात. वलगावच्या एका पाटलानं मोटेच्या बैलांना पितळी घुंगरं घातली होती, ती रस्त्यानं जाणाऱ्याला ऐकू जावीत म्हणून तो भरपावसातही मोट चालवायचा. हे सगळे सांगतात. कोष्ट्यांच्या आळीत काय झालं ते मात्र कुणी सांगत नाही. कापूस इतका महागला की सूत विकत घेऊन विणणाऱ्याला परवडेना. एकेक माग थांबला. सगळा मुलूख कापसानं पांढरा झालेला, आणि कापसाचं कापड करणारे हात बांधून बसलेले. आळीतले पुरुष कापसाच्या बाजारात गाठी दाबायला आणि गाड्या भरायला जाऊ लागले. माग नाही म्हणजे कुंचाही नाही. चार महिने आमच्या ओट्याची पायरी कुणी चढलं नाही.

संक्रांत झाली आणि एका सकाळी बानं आपली फणी, आरी आणि मेणाचा गोळा एका फडक्यात बांधायला घेतला. बा म्हणजे माझे वडील. कमी बोलायचे, आणि बोलले की ते बदलायचं नाही.

"उद्यापासून माह्यासंगं बाजारात चाल," बा म्हणाले. "गाठी दाबाले माणसं पाहून राहिले."

"मी नाही येत."

"मंग काय करशीन? कुंचे खाशीन?"

"दसऱ्यापर्यंत थांबा, बा. दसऱ्याले या हत्यारावर हळद-कुंकू वाह्यता आलं तर ठेवा. नाही तर तुमीच नेऊन विहिरीत टाका. मी हू का चू करनार नाही."

बानं फडकं न सोडता कोनाड्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ते एकटेच बाजारात गेले. मी तेव्हा बाविशीचा, लग्न होऊन वर्ष झालेलं. दसऱ्यापर्यंत काय करणार, हे मला मुळीच ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की माझ्या बोटांना एकच काम येतं आणि ते मी सोडणार नाही.

आता दातांकडे येतो. त्या काळी आपल्याकडे दात कसे घासत, ते तरुण वाचकांना सांगायला हवं. पुरुषांचं काम बाभळीच्या नाहीतर कडुनिंबाच्या काडीवर चाले. काडीचं टोक दाढेखाली धरून चावायचं, त्याचे तंतू सुटले की दात घासायचे, मग तीच काडी उभी चिरून जीभ खरवडायची आणि फेकून द्यायची. घरात गोवरीच्या राखेची राखुंडी असे, ती बोटानं लावत. लग्न झालेल्या बाया काळं दातवण लावत. हिराकस, माजूफळ, हिरडा यांची ती पूड. दात काळेभोर होत आणि ते सौभाग्याचं लेणं समजलं जाई. बाईचे दात पांढरे दिसले की म्हाताऱ्या कपाळाकडे पाहत.

काडीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण विचार केला तर लक्षात येईल, की प्रत्येक माणूस रोज सकाळी आपला कुंचा आपल्याच दाढांनी तयार करत होता. ज्याच्या दाढा हलतात आणि हिरड्या सुजतात, म्हणजे ज्याला कुंच्याची खरी गरज, त्यालाच तो तयार करता येत नसे. त्यात कापसाच्या हव्यासानं लोकांनी बांधावरच्या बाभळी तोडल्या. बांधाची जागा पेऱ्याला झाली आणि लाकूड गाड्यांच्या चाकांना गेलं. शहरात विकायला येणाऱ्या काड्या वाळून कडक झालेल्या येऊ लागल्या.

अशा वेळी मुंबईचे एक शेठ आमच्या ओट्यावर आले. नाव लिहीत नाही. ते कापसाचे दलाल, बाजारामागे एक घर भाड्यानं घेऊन राहत. दिवसातून दोनदा स्नान, पाणी फडक्यातून गाळून पिणार, कांदा-लसणाचा वास आला तर ताटावरून उठणार. असा माणूस स्वतः कोष्ट्यांच्या आळीत आला म्हणून बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी रुमालातून एक वस्तू काढली. वीतभर लाकडी दांडा, त्याच्या एका टोकाला बारीक भोकांच्या चार ओळी, आणि भोकांत ताठ केस. दोन ओळी जवळजवळ गळून गेल्या होत्या.

"कुंचेवाला तूच ना? हा सुधारता येईल?" शेठ म्हणाले. "माझ्या हिरड्या सुजतात. काडी चावली की रक्त येतं. मुंबईत विलायती दुकानातून हा ब्रश घेतला. घोड्याचे केस आहेत, दुकानदार बोलला."

मी तो हातात घेतला आणि केसांवरून अंगठा फिरवला. त्याच क्षणी मला कळलं. घोड्याचा केस बुडापासून शेंड्यापर्यंत सारखा असतो. हे केस बुडाशी जाड होते आणि शेंड्याला फाटून दोन-दोन झालेले. असा केस एकाच जनावराचा. सोनार दागिने घासायला जी बारीक कुंची वापरतात ती याच केसांची असते, आणि बानं एके काळी अशा शेकड्यांनी बांधल्या होत्या. डुकराच्या पाठीचे केस. दागिने घासून हात धुतले की झालं, तोंडात घालायचा प्रश्न तिथं येत नाही.

"ठेवून जा, शेठजी. परवा देतो," मी म्हटलं.

संध्याकाळी बा बाजारातून आले. ब्रश पाहिला, त्यांनीही अंगठा फिरवला.

"हे डुकराचं हाय. त्याले सांगतलं?"

"नाही."

"काहून?"

मी ब्रश उचलून फळीवर ठेवला.

"सांग त्याले," बा म्हणाले. "कोनता केस कोनाचा, हे सांगता येते म्हनून आपून कुंचेवाले. लोकाईले ते समजत नाही."

मी हो म्हणालो, आणि सांगितलं नाही. त्याची कारणं मी तेव्हा स्वतःला पुष्कळ दिली. शेठना कळलं तर ते बिचारे कुठं तोंड दाखवतील, त्यांच्या जातीत काय होईल, वगैरे. खरं कारण एकच होतं. चार महिन्यांनी आलेलं ते पहिलं गिऱ्हाईक होतं आणि मला ते घालवायचं नव्हतं. मी माझ्या मनाशी एक युक्ती काढली. गळालेल्या दोन ओळींत बारीक वाळा भरायचा. पुढं आणखी केस गळतील, तेव्हा तिसरी ओळ वाळ्याची करायची, मग चौथी. असं करत करत एक दिवस त्या ब्रशात केस उरणार नाही आणि सांगायला काही उरणार नाही. माझ्या आयुष्यात मला सुचलेली ही सगळ्यात हुशार गोष्ट आहे असं मला वाटलं होतं.

शेठ खूश झाले. वाळा ओला झाला की लवतो, हिरडीला लागत नाही आणि तोंडाला वास येतो. होळीनंतर ते पुन्हा आले तेव्हा तिसरी ओळही मी वाळ्याची केली. चौथी, अगदी आतली ओळ, तेवढी राहिली; शेठ मात्र ब्रश आता सगळा वाळ्याचाच झाला असं धरून चालले. आणि गंमत अशी की माझं काम इतकं पक्कं झालं होतं, की त्यानंतर शेठना ब्रश दुरुस्तीला आणायची गरजच पडली नाही.

उलट ते माझी जाहिरात करत फिरले. बाजारात गाड्यांवर बसलेल्या दलालांपुढं, पाटलांपुढं ओठ वर करून हिरड्या दाखवायचे. म्हणायचे, "अमरावतीच्या कुंचेवाल्यानं मला दात परत दिले." लोक ब्रश बघायला मागत. मग माझ्याकडे येत. मी बांबूच्या दांड्याची, वाळ्याची कुंची करायला लागलो. बांबूचं टोक चिरायचं, त्यात मुळ्यांची जुडी दाबायची, मेणाच्या दोऱ्यानं आवळायची आणि कात्रीनं सारखी करायची. लोकांनीच तिला दातकुंची म्हणायला सुरुवात केली. माझी बायको भागी हिनं जोडीला मंजन काढलं. बाजारातले शेठलोक बदाम फोडून खात, त्यांची टरफलं ती गोळा करून आणी आणि भाजून वस्त्रगाळ करी. त्यात मीठ, तुरटी, हिरडा आणि चार लवंगा. राखुंडीपेक्षा ते किती बरं होतं ते मला विचारू नका, मी नवरा आहे. पण गिऱ्हाईक मंजनासाठी परत येई, हे खरं.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. हिवरखेडचा एक शेतकरी दातकुंची घेऊन गेला आणि महिन्यानं तक्रार घेऊन आला, की लवकर झिजली. चौकशी केली तेव्हा कळलं की घरातली नऊ माणसं तीच वापरत होती, वयाप्रमाणे, थोरल्यापासून सुरुवात करून. दुसरी एक सासू सुनेला हाताला धरून घेऊन आली. सुनेनं गुपचूप दातकुंची वापरली होती आणि पुढच्या दोन दातांवरचं दातवण उतरलं होतं.

"तुह्या कुंचीनं पोरीचं सौभाग्य घासून काढलं," सासू म्हणाली. "आता काय करू मी?"

मी म्हटलं, "दातवण पुन्हा लावा ना, माय."

"ते तं लावीनच. पन ही म्हन्ते लावत नाही. म्हन्ते पांढरे बरे दिसतात."

सून पदराआड हसत होती आणि तिचे दात खरंच बरे दिसत होते. मी काही बोललो नाही. धंद्यात कुठं बोलू नये ते मला त्या काळात फार चांगलं समजत होतं.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे शास्त्रीबुवा. बाजाराजवळच्या देवळाचे पुजारी. ते आमच्या ओट्यावर चढत नसत, खाली रस्त्यावर उभे राहून बोलत. त्यांचा मुद्दा चोख होता. काडी रोज नवी असते, पण ही कुंची आज तोंडात घालायची आणि उद्या पुन्हा तीच, म्हणजे ती उष्टी झाली, रोज उष्टं तोंडात घालायचं का? मला उत्तर सुचायला दोन दिवस लागले. मी ठरवलं, की दातकुंची अमावास्येपर्यंतच वापरायची, रोज मिठाच्या पाण्यात बुडवायची आणि अमावास्येला नवी घ्यायची. शास्त्रीबुवांनी विचार करून मान हलवली आणि दोन घेतल्या. एक पाहुण्यांसाठी, असं म्हणाले. त्यांच्याकडे कधी पाहुणे आलेले मी पाहिले नाहीत. त्या अमावास्येच्या नियमानं माझा धंदा मात्र उभा राहिला.

पावसाळ्यात कापसाचा बाजार मंदावतो, तरी उभ्या पिकाचे सौदे चालत म्हणून शेठ इथंच होते. भाद्रपदापर्यंत माझ्या दातकुंच्या टोपलीनं अकोल्याला जाऊ लागल्या. बा अजून गाठी दाबायला जात, पण घरी आल्यावर मुळ्या निवडायला बसत. माझं काम माझ्या धाकट्या फणीवर चालत होतं; बाचं कोनाड्यातलं फडकं मी सोडून पाहिलं नव्हतं. दसऱ्याला पंधरा दिवस उरले होते.

तेवढ्यात अकोल्याहून अख्खी टोपली परत आली. गाडीवानानं ती काठीनं ढकलून खाली पाडली, हात लावला नाही. मुंबईहून आलेल्या कुणीतरी तिकडे सांगितलं होतं की दात घासायचे ब्रश डुकराच्या केसांचे असतात. झालं. दोन दिवसांत ते अमरावतीत पोचलं. लोक येऊन दातकुंच्या आमच्या दारात टाकून जाऊ लागले. कुणी शिव्या देत, कुणी नुसतं थुंकून जाई. ज्यांनी वापरली होती त्यांना घरचे पंक्तीला घेईनात. शास्त्रीबुवांनी तर तीन दिवस देवळाचा गाभारा दुसऱ्याकडून उघडवला. माझ्या घरावर बहिष्कार पडणार असं आळीत बोलू लागले.

भागी म्हणाली, "गावाले जाऊ काही दिवस. पातूरले माह्या भावाकडे."

"जायचं नाही," मी म्हटलं. "खरं हाय ते सगळ्याईपुढं दाखवतो."

दाखवायचा उपाय सोपा होता. केस जळला की घाण वास येतो आणि तो वळून गोळा होतो. वाळा जळला की राख होते आणि देवघरासारखा वास सुटतो. हे कुठल्याही कुंचेवाल्याला ठाऊक असतं. मी शास्त्रीबुवांकडे गेलो, रस्त्यात उभा राहिलो आणि म्हटलं, तुम्ही उभे राहा, बाजारात सगळ्यांसमोर जाळून दाखवतो. त्यांनी लगेच होकार दिला. माझ्या कुंच्या शुद्ध निघाव्यात असं माझ्याइतकंच मनापासून वाटणारा दुसरा माणूस तोच होता.

सकाळची वेळ. कापसाच्या बाजारातल्या चिंचेखाली गर्दी झाली. गाड्यांवर पाटील, खाली हमाल, त्यांत आमच्या आळीचे कोष्टी आणि बा. वलगावची एक पाटलीण होती, तिनं नवऱ्यासाठी दातकुंची नेली होती आणि घरात दोन दिवस चूल वेगळी पेटत होती. शेगडीत निखारे होते. मी लोकांनी परत आणलेल्या कुंच्यांतून वाटेल ती उचलायला सांगितली. एकेक जण उचलून देई, मी मुळ्या ओढून निखाऱ्यावर टाकी. दहा झाल्या, पंधरा झाल्या. दर वेळी तोच वास. गर्दी सैल पडू लागली. शास्त्रीबुवांच्या चेहऱ्यावर रंग आला.

एवढ्यात शेठ पुढं आले. मोठ्यानं म्हणाले, "सगळ्यात जुना माझा आहे. तो जाळा. मग बोलायला काही राहणार नाही." आणि त्यांनी रुमालातून ब्रश काढून माझ्या हातावर ठेवला. माझ्या बाजूनं, माझ्यासाठी.

शास्त्रीबुवा म्हणाले, "बरोबर. तोच जाळ. सगळं तिथून सुरू झालं."

ब्रश माझ्या तळहातावर होता. बाहेरच्या तीन ओळी वाळ्याच्या. बाहेरच्या ओळीतून चार मुळ्या ओढून निखाऱ्यावर टाकल्या असत्या तर वास सुटला असता, लोक हसले असते आणि घरी गेले असते. आतली ओळ कुणाला दिसणार होती? माझी बोटं बाहेरच्या ओळीवर गेलीही. मी मान वर केली. बा समोर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते माझ्या बोटांकडे पाहत होते. त्या नजरेत रागबिग नव्हता. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ते कुंचा जसा तपासून पाहत, तसे ते पाहत होते.

मी बोटं काढली.

"हा म्या बांधला नाही," मी म्हटलं. "हा ब्रश विलायती हाय. म्या फक्त गळालेलं भरलं. तीन वळी वाळ्याच्या हायेत. आतली एक वळ डुकराच्या केसांची हाय. मले पहिल्या दिवशीपासून म्हाईत होतं. म्या शेठजीले सांगतलं नाही."

मी आतल्या ओळीतले दोन केस उपटून निखाऱ्यावर टाकले. जो वास आला तो ओळखायला कुणाला कुंचेवाला असावं लागत नाही. शेठचा चेहरा पांढरा पडला. ते वळले आणि लोकांनी त्यांना वाट करून दिली, नेहमीपेक्षा जरा जास्तच रुंद. त्या मोकळ्या वाटेची आठवण आली की मला अजून स्वतःची लाज वाटते.

आधी बोलली ती वलगावची पाटलीण. गाडीवरूनच म्हणाली, "ज्यानं एका खोट्या ब्रशाचं भर बाजारात सांगतलं, तो बाकीचं काहून लपवीन? आन दोन इकडं." शास्त्रीबुवांनी लगेच त्यात शास्त्र आणलं. म्हणाले, दोष सांगणाऱ्याचं उरलेलं वचन प्रमाण धरावं. लोकांना असं काहीतरी ऐकायचंच होतं. त्याच दुपारी लोक आपापल्या दातकुंच्या परत न्यायला आले आणि ओळखू न आल्यामुळं सगळ्यांना नव्या घ्याव्या लागल्या. बा त्या दिवशी गाठी दाबायला गेले नाहीत. घरी येऊन कोनाड्यातलं फडकं सोडलं, फणी चिंचेनं घासली आणि म्हणाले, "दसऱ्याले लागीन." त्या दिवसापासून गिऱ्हाइकासमोर एक मुळी जाळून दाखवल्याशिवाय मी दातकुंची हातात दिलेली नाही. पुढं लढाई संपली, कापूस कोसळला, माग थोडेफार पुन्हा सुरू झाले, पण आमचं घर दातकुंचीवरच राहिलं.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहायला कचरलो नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवी दातकुंची बांधली. वाळा सगळ्यात बारीक निवडला, दांडा शेठच्या हाताच्या मापाचा केला आणि त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. डोकं आणि मिशी भादरलेली. समोर तांब्या, हातात बाभळीची काडी. त्यांनी मला पाहिलं आणि काडीचं टोक चावायला लागले. मी खाली उभा राहिलो. ते सावकाश चावत होते, थांबत होते, पुन्हा चावत होते. थुंकले तेव्हा पाण्यात रक्त होतं. संपूर्ण दात घासून, चूळ भरून, काडी चिरून टाकेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत.

मी म्हटलं, "शेठजी, ही सगळी माह्या हातची हाय. एक मुळी जाळून दाखवतो."

"केसांचं प्रायश्चित्त मला सांगितलं, ते मी घेतलं," शेठ म्हणाले. आवाज शांत होता. "पण आठ महिने मी याच तोंडानं गावभर तुझं नाव घेत फिरलो. त्याचं प्रायश्चित्त कुणी सांगत नाही."

ते आत गेले. मी दातकुंची त्यांच्या ओट्याच्या कडेला ठेवली आणि निघून आलो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो. ती तिथंच होती. तिसऱ्या दिवशीही होती. चौथ्या दिवशी नव्हती. आत नेली, की मोलकरणीनं झाडून टाकली, हे मी कुणाला विचारलं नाही. महिना झाल्यावर आणखी एक बांधली आणि त्याच जागी नेऊन ठेवली. शेठ अमरावतीत होते तोवर मी एकही महिना चुकवला नाही, आणि तेवढ्या महिन्यांत ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत.